उत्खननाचा अहवाल आणि खात्याचे मौन : हैदराबादच्या निमित्ताने एक विचार

हैदराबादच्या नामपल्ली भागातील बाग-ए-आम ही जुनी सार्वजनिक बाग. या एकाच बागेच्या परिसरात राज्याचे पुरातत्त्व संग्रहालय आहे आणि राज्याचे विधानमंडळही आहे. संग्रहालय सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या काळात, १९३० च्या आसपास सुरू झाले. विधानमंडळाची जुनी वास्तू म्हणजे पूर्वीचा टाऊन हॉल. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या चाळिसाव्या वाढदिवसाच्या निमित्ताने १९०५ मध्ये तो बांधण्याचे ठरले व १९१३ मध्ये तो पूर्ण झाला. जुन्या वस्तूंची जाण असलेली संस्था आणि त्या वस्तूंचे भवितव्य ठरविणारी संस्था यांच्यात येथे चालत जाण्याइतकेच अंतर आहे. तरीही या शहरात गेल्या काही वर्षांत जुन्या वास्तूंवर जे प्रसंग आले, त्या वेळी पहिल्या संस्थेचा आवाज दुसऱ्या संस्थेपर्यंत पोहोचल्याचे दिसत नाही. तो उमटला तरी होता काय, असा प्रश्न विचारणे भाग आहे.

प्रश्न केवळ हैदराबादचा नाही. एखाद्या आक्रमकाने किंवा जमावाने प्राचीन वास्तू उद्ध्वस्त केली की जगभरचे पुरातत्त्वज्ञ निषेध करतात, आणि ते योग्यच होय. परंतु जेव्हा स्वतःचेच सरकार रस्त्यासाठी, धरणासाठी, नव्या कचेरीसाठी वा राजकीय इच्छेसाठी वारशाला हात लावते, तेव्हा तेच विद्वान फार सावध होतात. हे मौन कोठून येते आणि ते नीतीच्या कसोटीवर कितपत टिकते, हे पाहण्यासाठी हैदराबादचे उदाहरण फार बोलके आहे.

हैदराबाद नगरविकास प्राधिकरणाच्या १९८१ च्या नियमावलीत तेरावा नियम होता. या नियमाच्या आधारे शहरातील सुमारे दीडशे वास्तूंना वारसा म्हणून संरक्षण मिळाले होते. हवेल्या, देवड्या, बाजार, रुग्णालये, शाळा, असे सर्व काही त्या यादीत होते. डिसेंबर २०१५ मध्ये तेलंगणा सरकारने हा नियमच काढून टाकला. त्यामुळे एकही दगड न हलवता शहराच्या वारशाचा मोठा भाग कागदावरून उघडा पडला. २०१७ मध्ये राज्याने स्वतःचा वारसा कायदा केला. पण जुनी यादी जशीच्या तशी त्यात आली नाही, आणि मधल्या पोकळीत काय होऊ शकते हे लवकरच दिसून आले.

जून २०१९ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने एर्रम मंझिल या वाड्याच्या जागी नवे विधानभवन बांधण्याचा निर्णय घेतला आणि त्याच महिन्यात तेथे पायाभरणीही झाली. हा वाडा नवाब फखरुल मुल्क यांचा. निजामाच्या राज्यात न्याय व शिक्षण अशी खाती सांभाळणारे हे गृहस्थ होते. पुढे वाड्यात सरकारी बांधकाम विभागाच्या कचेऱ्या भरल्या. सरकारची बाजू अशी की तेरावा नियम गेला, तेव्हा वाडा संरक्षित राहिला नाही. उच्च न्यायालयाने १६ सप्टेंबर २०१९ रोजी मंत्रिमंडळाचा निर्णय रद्द केला. वारशाचा विचार न करता आणि कायद्याने घालून दिलेली प्रक्रिया न पाळता सरकारला असे पाडकाम करता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय आहे.

आता या प्रकरणात कोण बोलले? वास्तुविशारद बोलले, इतिहासप्रेमी नागरिक बोलले, विद्यार्थी रस्त्यावर आले, नवाबांच्या वारसांनी आक्षेप घेतला, याचिका दाखल झाल्या. सरकारी पुरातत्त्व खात्याचा स्वर मात्र सरकारच्या स्वराहून वेगळा निघाला नाही. ज्यांना या विषयाचे वेतन मिळते त्यांच्याऐवजी ज्यांना त्यातून काहीच मिळत नाही त्यांनी न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्यात, ही स्थिती त्या विद्याशाखेला भूषणावह नाही.

उस्मानिया रुग्णालयाची कथा थोडी निराळी आहे. २०१५ मध्ये ही इमारत धोकादायक असल्याचे सांगून ती पाडण्याची भाषा झाली. तेव्हा इंटॅक या बिगरसरकारी संस्थेने तांत्रिक पाहणी करून इमारत दुरुस्त होऊ शकते असे लेखी सांगितले. व्हिन्सेंट एश यांनी आखलेली ही इमारत अजून उभी आहे, यात त्या अहवालाचा वाटा मोठा आहे. घोषणांनी नव्हे, तर ज्याला भिंत वाचता येते अशा माणसाच्या चार पानांनी येथे काम केले.

सैफाबाद महालाला असा साक्षीदार मिळाला नाही, किंवा मिळाला तरी उपयोग झाला नाही. सहाव्या निजामासाठी १८८८ च्या सुमारास बांधलेला हा महाल पुढे सचिवालयाचा एक भाग बनला. जुलै २०२० मध्ये, कोविडच्या दिवसांत, सचिवालयाच्या इतर इमारतींबरोबर तोही पाडण्यात आला. त्याच पाडकामात आवारातील दोन मशिदी व एक मंदिर यांनाही हानी पोहोचली. त्यावर गदारोळ झाला, सरकारने ती पुन्हा बांधून देण्याचे मान्य केले आणि ऑगस्ट २०२३ मध्ये ती खुली झाली. प्रार्थनास्थळांसाठी बोलणारे लोक होते, म्हणून प्रार्थनास्थळे परत आली. महालासाठी बोलणे ज्यांचे काम होते ते बोलले नाहीत, आणि महाल गेला तो गेला.

यावर एक सबब नेहमी पुढे केली जाते. एकोणिसाव्या शतकातील वाडे हा पुरातत्त्वाचा विषयच नव्हे, पुरातत्त्व म्हणजे थर, खापरे, शिलालेख. ही सबब कायद्यापुढे टिकत नाही. प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळांविषयीचा १९५८ चा केंद्रीय कायदा शंभर वर्षांहून जुन्या वास्तूला प्राचीन स्मारकाच्या व्याख्येत घेतो. शिवाय जे निर्विवादपणे प्राचीन आहे, तेथे तरी काय झाले? गोवळकोंड्याचा नया किल्ला हा केंद्राच्या पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या देखरेखीखालील भाग. कुतुबशाही तटबंदीच्या आत आणि ‘हातियान का झाड’ नावाच्या प्रचंड गोरखचिंचेच्या शेजारी गोल्फचे मैदान उभे राहिले. २०१४ मध्ये तेथेच सर्वेक्षणाने उत्खनन केले तेव्हा कुतुबशाही बागेचे पाट आणि मातीचे नळ उजेडात आले. बाग कोठे होती हे कळले, आणि तिच्या आसपास हिरवळ कोणाची आहे हेही सर्वांना दिसतच होते.

मौनाचे पहिले कारण व्यवस्थेत आहे, आणि ते कबूल केले पाहिजे. या देशात उत्खनन परवान्याशिवाय करता येत नाही आणि परवाना केंद्र सरकारकडूनच मिळतो. खात्यातील अधिकारी तर सरळ सरकारी नोकर. केंद्रीय सेवकांसाठी असलेल्या १९६४ च्या वर्तणूक नियमांतील नववा नियम सरकारच्या धोरणावर प्रतिकूल टीका होईल असे विधान छापण्यास वा जाहीरपणे करण्यास मनाई करतो. विद्यापीठातील प्राध्यापकाला हा नियम त्याच रीतीने लागू नसेल, पण पुढच्या हंगामाचा परवाना आणि अनुदान त्याच दारातून यायचे असते. परदेशी पुरातत्त्वज्ञाची अडचणही तीच. यजमान देशाच्या सरकारला दुखविले तर वीस वर्षांचे काम एका पत्राने थांबते. अशा स्थितीत एखाद्या कनिष्ठ अधिकाऱ्याने हौतात्म्य पत्करावे अशी अपेक्षा दुरून करणे सोपे आहे. प्रस्तुत विवेचनाचा रोख त्याच्यावर नाही.

परंतु व्यवस्थेचे कारण सांगून सगळे संपत नाही, कारण या विद्याशाखेने आपल्या मौनाला एक प्रतिष्ठित रूपही देऊन ठेवले आहे. ते रूप म्हणजे बचाव-उत्खनन. त्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण याच प्रदेशातील आहे.

कृष्णेच्या काठी नागार्जुनकोंडा येथे इक्ष्वाकू राजांची विजयपुरी होती. १९२६ मध्ये तिचे अवशेष पुरातत्त्व खात्याच्या नजरेस आले. १९५० च्या दशकात नागार्जुनसागर धरणाचा निर्णय झाला आणि १० डिसेंबर १९५५ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पायाभरणी झाली. १९५४ ते १९६० या काळात आर. सुब्रह्मण्यम यांच्या नेतृत्वाखाली संपूर्ण खोऱ्याचे उत्खनन झाले. स्तूप, विहार, घाट, प्रेक्षागार, अश्मयुगापासूनचे थर, असे शंभरहून अधिक ठिकाणचे अवशेष नोंदले गेले. नऊ वास्तू टेकडीवर नेऊन पुन्हा उभारल्या, आणखी काहींच्या लहान प्रतिकृती केल्या. ती टेकडी आज जलाशयातील बेट आहे. पलीकडच्या काठावर, आजच्या तेलंगणाच्या बाजूला, येलेश्वरम हे स्थळ होते. तेथील काम राज्याच्या खात्याने अब्दुल वहीद खान यांच्या देखरेखीखाली केले व त्यावरचा ग्रंथ १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे श्रीशैलम धरणाच्या वेळी कुडवेल्लीचे संगमेश्वर मंदिर दगड-दगड सोडवून आलमपूरला नेण्यात आले.

या कामांची थोरवी कमी लेखण्याचे कारण नाही. ज्या वेगाने, ज्या काटेकोरपणे आणि ज्या उन्हात ती माणसे राबली त्याला तोड नाही. धरणाचे पाणी नलगोंड्याच्या कोरड्या रानाला हवे होते, हेही कोणी नाकारू नये. पण या यशातून एक शिरस्ता पडला. निर्णय आधी होतो, पुरातत्त्वज्ञ नंतर येतो. त्याने खणावे, मोजावे, छायाचित्रे घ्यावीत, अहवाल लिहावा आणि पाणी येण्यापूर्वी निघून जावे. जागा बुडवावी की नाही, दुसरा पर्याय होता की नाही, जे हरवेल त्याचा हिशेब निर्णयाच्या कागदात मांडला होता की नाही, हे प्रश्न त्याच्या कामाच्या कक्षेत येत नाहीत. आरोपीच्या बाजूने बोलण्याची मुभा नसलेला, फक्त शवविच्छेदन करणारा वैद्य जसा, तसे त्याचे स्थान झाले. अहवाल उत्तम लिहिला म्हणजे कर्तव्य पार पडले, असे त्यालाही वाटू लागले.

त्या अहवालाची भाषाही पाहण्यासारखी असते. या प्रकारच्या लिखाणात ‘स्थळ बाधित झाले’, ‘अवशेष पाण्याखाली गेले’, ‘रचना हटविण्यात आली’ अशी वाक्ये सर्रास आढळतात. मराठी व्याकरणात याला कर्मणी प्रयोग म्हणावे किंवा आणखी काही, परिणाम एकच. कर्ता गळून पडतो. आदेश कोणी काढला, कोणत्या तारखेला काढला, खात्याने त्यावर काय टिपण दिले, यातले काहीही वाक्यात उरत नाही. खापराच्या तुकड्याची जाडी मिलिमीटरमध्ये देणारी विद्या आपल्या काळातील सर्वांत मोठ्या घडामोडीचा कर्ता मात्र नोंदवीत नाही. शास्त्रीय तटस्थता ती हीच, असे म्हटले जाते. पण तीनशे वर्षांपूर्वी एखाद्या सुभेदाराने किल्ला पाडला असेल तर त्याचे नाव, वर्ष व हेतू शोधण्यात हीच मंडळी आयुष्य घालवतात. सुभेदार हयात असला की तटस्थता जागी होते.

हा स्वभाव आजचा नाही. १८५७ नंतर दिल्लीच्या लाल किल्ल्यातील बहुतांश महाल, बागा व दालने इंग्रज सरकारने पाडून तेथे पलटणींच्या बराकी बांधल्या. किल्ल्यालगतची वस्ती आणि अकबराबादी मशीदही गेली. अवघ्या चार वर्षांनी, १८६१ मध्ये, त्याच सरकारने अलेक्झांडर कनिंगहॅम यांची पुरातत्त्व सर्वेक्षणावर नेमणूक केली. म्हणजे ज्या हाताने पाडले त्याच हाताने जपण्याचे खाते काढले. किल्ल्यातील विध्वंसाचा कडक शब्दांत छापील धिक्कार केला तो जेम्स फर्ग्युसन यांनी, आपल्या १८७६ च्या भारतीय वास्तुकलेच्या इतिहासात. फर्ग्युसन हे खात्यातले नव्हते. नीळीच्या व्यापारातून निवृत्त झालेले ते गृहस्थ होते, आणि कदाचित म्हणूनच बोलू शकले.

तथापि नोकरी हे मौनाचे पूर्ण कारण नव्हे, हे दाखविणारा दाखलाही त्याच दिल्लीत आहे. सर सय्यद अहमद खान दिल्लीत मुन्सफ असताना त्यांनी १८४७ मध्ये ‘आसारुस्सनादीद’ प्रसिद्ध केला. कुतुबमिनारवरील उंच लेख उतरवून घेण्यासाठी ते टोपलीत बसून दोराने वर टांगून घेत असत, ही हकीकत सर्वश्रुत आहे. दहा वर्षांनी त्या ग्रंथातील कित्येक वास्तू राहिल्या नाहीत आणि त्यांच्या वर्णनाला साक्षीचे मोल आले. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढची. १८५९ मध्ये, कंपनीचे राज्य जाऊन राणीचे आले असता आणि शिक्षांचे सत्र ताजे असता, सरकारी न्यायखात्यात नोकरी करीत असलेल्या याच माणसाने ‘असबाब-ए-बगावत-ए-हिंद’ लिहून बंडाची कारणे सरकारच्या चुकांत दाखविली. मित्रांनी त्यांना परावृत्त करण्याचा प्रयत्न केल्याचे मौलाना हाली यांनी ‘हयात-ए-जावेद’मध्ये नमूद केले आहे. पाचशे प्रती छापल्या आणि जवळजवळ सर्व इंग्लंडला धाडल्या. बाजारात न विकता, जेथे निर्णय होतो त्या टेबलावर ठेवल्या. नोकरीच्या आत राहून खरे कसे सांगावे याची ही एक रीत होती, आणि तिच्यात पळवाट नव्हती.

जागतिक पातळीवर पाहिले तर अंतर वाढले की आवाज वाढतो, असेच दिसते. मार्च २००१ मध्ये तालिबान सरकारने बामियानचे बुद्ध फोडले तेव्हा जगभरातून निषेध झाला, मुस्लिम देशांतील विद्वानांनीही केला. जानेवारी २००२ मध्ये मक्केत अठराव्या शतकातील अज्याद किल्ला टेकडीसह सपाट करण्यात आला आणि त्या जागी उंच मनोरे आले. तुर्कस्तानच्या सरकारने आवाज उठविला. विद्वानांचा स्वर मात्र बामियानच्या मानाने फारच क्षीण होता. मुस्लिम समाजातील अभ्यासकांनी ही तुलना टाळू नये. दुसऱ्याच्या घरातील पाडकामावर बोलण्याचा हक्क आपल्या घरातील पाडकामावर बोलूनच मिळतो.

जागतिक पुरातत्त्व काँग्रेस ही संघटना १९८६ मध्ये साउदम्प्टन येथे जन्मली तीच एका राजकीय भूमिकेतून. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेच्या प्रतिनिधींना बोलवायचे नाही, या वादातून ती निघाली. याच संघटनेचे तिसरे अधिवेशन डिसेंबर १९९४ मध्ये नवी दिल्लीत भरले. बाबरी मशीद पडून दोनच वर्षे झाली होती. अधिवेशनात अयोध्येवर चर्चा होणार नाही, ठराव येणार नाही, असे ठरविण्यात आले. दूर आफ्रिकेवर बोलण्यासाठी स्थापन झालेली संस्था यजमानाच्या अंगणात गप्प बसली. समारोपाच्या सत्रात गोंधळ आणि धक्काबुक्की झाली ती झालीच. पुढे १९९८ मध्ये क्रोएशियातील ब्राच बेटावर वारशाच्या विध्वंसावर स्वतंत्र बैठक घेण्यात आली. ती उशिराची होती, पण झाली.

उलट उदाहरणही आहे. इराकमधील बाबिलोनच्या अवशेषांवर २००३ मध्ये अमेरिकी सैन्याने तळ ठोकला. ब्रिटिश म्युझियमचे जॉन कर्टिस यांनी डिसेंबर २००४ मध्ये जागेची पाहणी केली आणि जानेवारी २००५ मध्ये कोणत्या खंदकाने, कोणत्या वाहनांनी काय नुकसान झाले हे अहवालात मांडले. त्यांचे म्युझियम सरकारी पैशावर चालते आणि त्यांचे सरकार त्या युद्धात सामील होते. तरी अहवाल निघाला. त्यात घोषणा नव्हत्या, मोजमापे होती, आणि कर्ता गळालेला नव्हता.

भारतात असे काम कधी कधी भलत्याच खात्याकडून होते. २०१३ मध्ये नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी १,६५५ संरक्षित स्मारकांची प्रत्यक्ष तपासणी करवली, तेव्हा ९२ स्मारके जागेवर सापडलीच नाहीत. काही नंतर शोधून काढली गेली. मार्च २०२४ मध्ये पुरातत्त्व सर्वेक्षणाने १८ स्मारके यादीतूनच वगळण्याची प्रक्रिया सुरू केली. हिशेब तपासणाऱ्यांनी जे पाहिले ते जपणाऱ्यांना दिसले नव्हते असे नव्हे. ते फाइलीत होते, छापील पानावर नव्हते, एवढाच फरक.

जानेवारी २०१८ मध्ये संरक्षित स्मारकांभोवतीच्या शंभर मीटरच्या निषिद्ध क्षेत्रात सार्वजनिक कामांना मुभा देणारे दुरुस्ती विधेयक लोकसभेने मंजूर केले होते. राज्यसभेने ते प्रवर समितीकडे पाठविल्याने थांबले. अशा वेळी पुरातत्त्वज्ञांच्या संघटनांनी आपले मत लेखी, सह्यांनिशी आणि तारखेनिशी संसदेच्या समितीपुढे ठेवणे हे कोणत्याही वर्तणूक नियमाच्या आड येत नाही. व्यक्तीला जे शक्य नाही ते संघटनेला शक्य असते. खात्याने प्रत्येक प्रकल्पावर दिलेले टिपण माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याने मागता येते. ते मागण्याची वाट न पाहता वार्षिक अहवालात छापले तर अधिकाऱ्याला भाषण करावे लागणार नाही, आणि गप्पही राहावे लागणार नाही.

एक गोष्ट मात्र भाषेच्या अभ्यासकांनी त्यांना सांगितली पाहिजे. निजामाच्या राज्यात पुरातत्त्व खाते १९१४ मध्ये गुलाम यझदानी यांच्या हाताखाली सुरू झाले तेव्हा राज्याची भाषा उर्दू होती, अजिंठा-वेरूळचा मुलूख मराठी होता, वरंगळचा तेलुगू होता, आणि खात्याचे वार्षिक अहवाल इंग्रजीत निघत. येलेश्वरमवरचा ग्रंथही इंग्रजीतच आहे. बुडालेल्या गावांतील ज्या लोकांनी टोपल्या उचलल्या, त्यांना आपल्या जमिनीखाली काय निघाले ते आपल्या भाषेत वाचायला मिळाले नाही. ‘आसारुस्सनादीद’ दिल्लीच्या लोकांच्या उर्दूत होता. आपल्या गल्लीतील कोणती मशीद, कोणती बावडी गेली, हे १८५७ नंतर दिल्लीकर त्यात शोधू शकले.